मीटर तोच, वायर तीच... मग बिल कुणाचं?

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणऐंशी' ऐकलं की आजही मनातल्या मनात बोटं मोजावी लागतात. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर उदार मनाने सोडून द्या. 'इंग्लिश सेक्शनमध्येच लिही की', असं रूममेट म्हणाली होती. पण हा विषय माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, अगदी मराठीत घडला. म्हणून मराठीतच लिहितेय.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तपोवन एक्सप्रेसने घरी गोरेगावला गेले. फराळाच्या ताटाबरोबर आईने माझ्यासमोर लाईटबिलांचा एक गठ्ठा ठेवला. म्हणाली, "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग बघ आणि सांग, कंपनी बदलायची का? शेजारच्या काकूंनी बदलली. पूर्वी आपलं बिल कमी यायचं, आता बघ काय झालंय ते."

मी थर्ड इयरला आहे. ट्रान्सफॉर्मरचं इक्विव्हॅलंट सर्किट झोपेतून उठवलं तरी काढून दाखवीन. पण खरं सांगते, त्या दिवशी आईचं बिल हातात घेतलं आणि मला त्यातलं निम्मंही कळलं नाही! वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार, समायोजन... व्हायवात एक्स्टर्नलसमोर जसं होतं ना, अगदी तस्संच झालं.

तरी मी आव आणला. दोन कंपन्यांचे युनिटचे दर फोनवर शोधले, वजाबाकी केली आणि जाहीर केलं, "बदला! महिना सहाशे रुपये वाचतील." आई खूश झाली. आणि माझं उत्तर साफ चुकलेलं होतं. ते का चुकलं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

कंपनी बदलता येते?

आपल्या संभाजीनगरात राहणाऱ्याला हा प्रश्नच विचित्र वाटेल. इथे वीज म्हणजे महावितरण. पण मुंबईच्या उपनगरांत तसं नाही. तिथे घरगुती ग्राहकाला वीज विकणारी कंपनी निवडता येते, मोबाईलचं सिमकार्ड पोर्ट करतो ना, साधारण तसं.

आधी नकाशा समजून घेऊ. मुंबई शहरात बेस्ट वीज देते. मुलुंड-भांडुप भागात महावितरण. बाकीच्या बहुतेक उपनगरांत आणि मीरा-भाईंदरला १९२९ साली स्थापन झालेली बीएसईएस होती. ती पुढे रिलायन्सकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये हा व्यवसाय अदानींनी घेतला. या सगळ्यांच्या जोडीला टाटा पॉवर. खोपोलीचं त्यांचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं! टाटा मुख्यतः मोठ्या ग्राहकांना आणि वीज वाटणाऱ्या इतर कंपन्यांना वीज विकत असे. साध्या घरांना थेट वीज विकण्याचा हक्क टाटांना आहे की नाही, यावर बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'आहे' असा निकाल दिला.

पण हक्क मिळाला तरी वायर कुठे होती? उपनगरातल्या गल्लीबोळांत केबल होत्या त्या दुसऱ्या कंपनीच्या. तेव्हा १५ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने (यालाच एमईआरसी म्हणतात) एक पद्धत ठरवून दिली. ग्राहकाने जुन्याच वायरवर राहायचं, वायरच्या मालकाला वायरचं भाडं द्यायचं आणि वीज मात्र दुसऱ्या कंपनीकडून घ्यायची. याला 'चेंजओव्हर' म्हणतात. नवी कंपनी स्वतःची वायर टाकून वीज देत असेल तर तो 'स्विचओव्हर'. दोन्ही शब्द सारखेच वाटतात, पण फरक मोठा आहे, लक्षात ठेवा.

याचा पाया आहे वीज कायदा २००३. कलम १४ नुसार एकाच भागात दोन वितरण परवाने देता येतात, आणि कलम ४२ मध्ये दुसऱ्याची वायर वापरण्याची, म्हणजे ओपन ॲक्सेसची तरतूद आहे. त्यातून स्थानिक संस्थांना वगळलंय. बेस्ट ही महापालिकेची, त्यामुळे बेस्टच्या वायरवरून असा चेंजओव्हर होत नाही. दादरच्या माणसाला जे जमत नाही ते गोरेगावच्या माणसाला जमतं, ते यामुळे.

आता एक गंमत. कंपनी बदलली म्हणजे घरात वेगळी वीज येते का? अजिबात नाही! ग्रिड एकच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा मी शाळेत होते आणि ऑनलाईन क्लास चालू होता. बिघाड झाला होता मुंबईला वीज आणणाऱ्या पारेषण यंत्रणेत. अंधार मात्र बेस्टच्या, टाटांच्या, अदानींच्या, सगळ्यांच्या ग्राहकांकडे झाला. थोडक्यात काय, चेंजओव्हरने बदलतो तो हिशोब. इलेक्ट्रॉनला आपल्या कंपनीचं नाव माहीत नसतं.

स्वस्त दर संपतो, तो का?

२००९ नंतर लाखांवर ग्राहक टाटांकडे गेले, कारण तेव्हा टाटांचे दर कमी होते. जुनी धरणं आणि ट्रॉम्बेचं स्वतःचं केंद्र हाताशी असल्यामुळे त्यांचा वीज मिळवण्याचा खर्च कमी होता. मग पुढे काय झालं? हे समजायला आपली हॉस्टेलची मेस बघा.

समजा मेसमध्ये दोन ताटं आहेत, साधं आणि स्पेशल. स्पेशलवाल्यांकडून मॅनेजर जरा जास्त पैसे घेतो, त्यामुळे साधं ताट स्वस्त ठेवता येतं. याला म्हणतात क्रॉस सबसिडी. विजेतही हेच आहे. जास्त युनिट जाळणारे महागड्या दराने पैसे भरतात, म्हणून कमी वापरणाऱ्या घराला स्वस्त दर मिळतो. आता कोपऱ्यावर दुसरी मेस उघडली आणि सगळे स्पेशलवाले तिकडे गेले, तर पहिल्या मेसमध्ये साध्या ताटाचं काय होणार? मुंबईत नेमका हाच पेच झाला. जास्त वापराच्या ग्राहकांना बदलण्यात जास्त फायदा होता. म्हणून २०११ मध्ये आयोगाने कंपनी बदलणाऱ्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. ऑगस्ट २०१२ मध्ये तर असा आदेश आला की घरगुती ग्राहकांपैकी महिना ३०० युनिटपर्यंत वापर असणाऱ्यांनाच चेंजओव्हर मिळेल. तो आदेश अपिलीय न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१४ मध्ये रद्द केला.

दुसरी गोष्ट उधारीची. मेस मॅनेजरने मागच्या दोन वर्षांचं किराणा बिल थकवलंय. तुम्ही तेव्हा तिथे जेवत होतात आणि आता दुसऱ्या मेसला गेलात. तर ती उधारी कुणी फेडायची? मॅनेजर म्हणणार, जेवलात ना, मग तुम्हीही द्या. विजेत याला 'रेग्युलेटरी ॲसेट' म्हणतात, म्हणजे खर्च झालेला पण दरांतून वसूल न झालेला पैसा. उपनगरांत २०१३ पासून अशी जुनी वसुली सुरू झाली, ती कंपनी सोडून गेलेल्या चेंजओव्हर ग्राहकांकडूनही.

म्हणजे या वर्षी दर कमी दिसतोय, याचा अर्थ वीज स्वस्त पडतेय असाच असतो असं नाही. कधीकधी पुढच्या वर्षाची उधारी आज दिसत नसते, इतकंच. आयोग कंपनीचा खर्च नंतर पुन्हा तपासतो आणि तूट निघाली तर ती पुढच्या दरांत येते. जादा वसुली झालेली निघाली तर दर खालीही येतात. एप्रिल २०२४ मध्ये टाटांचे मुंबईतले दर सरासरी सुमारे २४ टक्के वाढले, आणि मार्च २०२५ च्या आदेशाने ते पुन्हा खाली आणले. एकेकाळी स्वस्त म्हणून ज्यांच्याकडे रांग लागली होती, त्यांच्याकडूनच लोक परत फिरायचा विचार करू लागले. तेव्हा 'ही कंपनी स्वस्त' असं वाक्य बोलताना वर्ष सांगायलाच हवं.

परदेशात याहून मोकळा बाजार आहे. ब्रिटनमध्ये मे १९९९ पासून प्रत्येक घराला वीज कंपनी निवडता येते. तिथे वर्षा-दोन वर्षांचा ठराविक दराचा करार असतो. मुदत संपायच्या सहा-सात आठवडे आधी कंपनीला ग्राहकाला कळवावं लागतं, आणि शेवटच्या ४९ दिवसांत करार सोडला तर दंड घेता येत नाही. ऐकायला छान आहे. पण २०२१ मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले आणि स्वस्त दराचं आश्वासन देऊन बसलेल्या पुष्कळ लहान कंपन्या एकामागून एक बुडाल्या. ग्राहकांची वीज गेली नाही, त्यांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवलं गेलं. पण तो स्वस्त करार मात्र कंपनीबरोबरच गेला. आपल्याकडे दर आयोग ठरवतो, म्हणून दर अचानक रातोरात बदलत नाही. पण 'स्वस्त कशामुळे?' हा प्रश्न दोन्हीकडे विचारलाच पाहिजे.

बिलाचं पोस्टमॉर्टेम

आता माझ्या चुकीकडे येऊ. मी फक्त वीज आकार बघितला होता. घरगुती बिलात मुख्यतः हे भाग असतात :

१. स्थिर आकार : एक युनिट वापरा नाहीतर शंभर, हे द्यावेच लागतात.

२. वीज आकार : युनिटप्रमाणे, स्लॅबनुसार. जाहिरातीत आणि शेजारच्या काकूंच्या बोलण्यात येतो तो हाच.

३. वहन आकार : वायरचं भाडं. चेंजओव्हरमध्ये हे जुन्या कंपनीच्या वायरचं असतं. कंपनी बदलली तरी सुटका नाही.

४. इंधन समायोजन आकार : कोळसा, गॅस, वीजखरेदी महाग-स्वस्त झाली की वरखाली होतो.

५. अधिभार : वर सांगितलेली क्रॉस सबसिडी आणि जुनी वसुली, ज्या वर्षी लागू असेल त्या वर्षी.

६. वीज शुल्क : सरकारचं. घरगुती ग्राहकाला १६ टक्के.

तुलना करायची ती पहिल्यापासून सहाव्यापर्यंतच्या बेरजेची. नुसत्या दुसऱ्या ओळीची नाही!

स्लॅबबद्दलही एक गैरसमज असतो. आईला वाटायचं की ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळी युनिटं महाग होतात. तसं नाही. वरच्या स्लॅबचा दर फक्त ३०० च्या वरच्या युनिटांना लागतो. पहिली १०० पहिल्या दरानेच, पुढची २०० दुसऱ्या दराने. इन्कम टॅक्ससारखंच. स्थिर आकार मात्र स्लॅबप्रमाणे बदलत असेल तर तो वेगळा बघायचा.

आमच्या घरी काय बदललं होतं?

बारा महिन्यांची बिलं मी कंपासपेटीतल्या पट्टीने रांगेत लावली, तेव्हा एक गोष्ट दिसली. दर थोडा वाढला होता हे खरं. पण युनिटं? एप्रिलपर्यंत १८० च्या आसपास. मे महिन्यापासून ४३०!

मे महिन्यात आमच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला. माझे आजोबा, म्हणजे आप्पा, आयुष्यभर गिरणीत होते. त्यांच्या फुप्फुसांनी आता जवळपास संप पुकारलाय. दिवसाला किमान पंधरा तास मशीन लावायलाच हवं, आणि शक्य तेवढा पूर्ण दिवस, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मशीन साधारण ३५० वॉटचं. म्हणजे ०.३५ गुणिले २४ गुणिले ३०, महिन्याला २५२ युनिटं. आमचा स्वस्त दर खरं तर कुणी काढून घेतला नव्हता. आम्हीच एक स्लॅब ओलांडून पलीकडे गेलो होतो.

हे आकडे मांडत असताना दुपारी तीनच्या सुमाराला एकदम शांत वाटलं. मशीनची घरघर बंद. मला वाटलं वीज गेली. आत जाऊन बघते तर पंखा चालू आणि आप्पा पलंगावर टेकून बसलेले, ओठ किंचित निळसर. म्हणाले, "काही नाही गं. दुपारचं जरा बंद ठेवतो. तीन तास. आईला सांगू नकोस, ती बिलाचा फार विचार करते."

तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी 'असाईनमेंट' राहिला नाही.

हिशोब

खरे दर दरवर्षी बदलतात आणि हा अंक तुम्ही कधी वाचाल माहीत नाही. म्हणून हिशोब समजावा एवढ्यासाठी गोल आकडे घेते. खऱ्या दरांनीही उत्तराचा कल आमच्याकडे असाच आला. कंपन्यांना 'क' आणि 'ख' म्हणू. दरांत वीज, वहन, अधिभार सगळं धरलंय.

कंपनी 'क' : स्थिर आकार १०० रुपये. पहिली १०० युनिटं ५ रुपयांनी, पुढची २०० ८ रुपयांनी, ३०० च्या पुढे १२ रुपये.

कंपनी 'ख' : स्थिर आकार १४० रुपये. पहिली १०० युनिटं ६.५० ने, पुढची २०० ८ ने, ३०० च्या पुढे ९.५०.

वापर १८० युनिटं : 'क' चे १२४० रुपये, 'ख' चे १४३०. 'क' १९० ने स्वस्त.

वापर ४३० युनिटं : 'क' चे ३७६०, 'ख' चे ३६२५. आता 'ख' १३५ ने स्वस्त. वीज शुल्क धरून साधारण १५७ रुपये.

एकच शहर, एकच महिना, त्याच दोन कंपन्या. आणि स्वस्त कोण, हे घरागणिक वेगळं! ग्राफ काढला तर दोन्ही रेषा ३७६ युनिटांवर एकमेकींना छेदतात. त्याच्या खाली 'क' बरी, वर 'ख' बरी. काकूंच्या घरी दोन एसी आहेत. त्यांना 'ख' परवडली म्हणून सगळ्या बिल्डिंगला परवडेल असं कसं होईल?

आता आप्पांचा हिशोब. तीन तास मशीन बंद म्हणजे महिन्याला ३१.५ युनिटं. 'क' च्या सगळ्यात वरच्या दराने, शुल्क धरून, सुमारे ४३८ रुपये. आणि कंपनी बदलून वाचणार होते १५७. आप्पांचं गणित बरोबर होतं, आणि तेच मला जास्त लागलं. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने बिलात नेमकं कुठे हात घालायचा ते ओळखलं होतं. फक्त हात चुकीच्या स्विचवर ठेवला होता.

मग मी घरातला दुसरा स्विच शोधायला लागले. आमच्याकडे तीन जुने सीलिंग फॅन, प्रत्येकी ७५ वॉटच्या आसपास. मुंबईच्या घामात बाराही महिने, दिवसाचे बारा तास तरी फिरणारे. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॉटमध्ये देतो. (मशीन्स-टू चा पेपर शेवटी कुठे उपयोगी पडला बघा!) तीन पंख्यांचे मिळून १३५ वॉट वाचले, म्हणजे महिन्याला ४८ युनिटं. आप्पांच्या तीन तासांपेक्षा जास्त. 'क' च्या दराने महिन्याला सुमारे ६६८ रुपये. तीन पंख्यांना नऊ हजार धरले तर सव्वा वर्षाच्या आत पैसे वसूल.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. पंखे बदलल्यावर वापर झाला ३८२ युनिटं. आता 'क' चं बिल ३१८४ आणि 'ख' चं ३१६९. फरक पंधरा रुपये, शुल्क धरून सतरा! ज्या बदलासाठी घरात आठवडाभर चर्चा चालू होती, त्याचा फायदा एका वडापावच्या किमतीवर आला. आईने फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. म्हणाली, "राहू दे. पुढच्या वर्षी दर बदलले की पुन्हा बघू." हेच उत्तर बरोबर आहे.

आप्पांना मी कागदावर एकच ओळ लिहून दिली : 'मशीन एक तास = पाच रुपयांच्या आत.' सगळ्यात महाग दर धरूनही ४ रुपये ८७ पैसे येतात. त्यांनी चष्मा लावून वाचलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे कटिंग चहापेक्षा स्वस्त की गं." त्या दिवसापासून दुपारची घरघर सुरू आहे. फोनवर बोलताना मी पहिल्यांदा तीच ऐकते.

आपण इथले, आपलं काय?

आपल्या शहरात कंपनी निवडायची सोय नाही. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झाली, तेव्हापासून इथे वितरणाचा परवाना तिच्याकडेच आहे. मधे मे २०११ ते नोव्हेंबर २०१४ शहरातलं वितरण जीटीएल या फ्रँचायझीकडे होतं. सीनियर स्टाफला ते दिवस आठवत असतील. पण फ्रँचायझी म्हणजे दुसरी कंपनी निवडण्याचा हक्क नव्हे. परवाना महावितरणचाच आणि दरही आयोगाने महावितरणला ठरवून दिलेलेच. बिलावरचं नाव बदललं, ग्राहकाला विचारलं कुणीच नाही.

पुढे काय होईल? समांतर परवान्याचा वाद राज्यात आहेच. ठाणे-नवी मुंबई भागासाठी अदानींच्या कंपनीने परवाना मागितला, तेव्हा ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचाऱ्यांनी संप केला होता, तो त्याच दिवशी चर्चेनंतर मागे घेतला गेला. कर्मचाऱ्यांचं म्हणणं मेसच्या उदाहरणातलंच : स्पेशल ताटवाले गेले तर साध्या ताटाचं, म्हणजे गरिबाचं आणि शेतीपंपाचं काय? दुसरी बाजू म्हणते, स्पर्धा आली की सेवा सुधारते. मला दोन्हींत तथ्य वाटतं. उद्या आपल्यातलेच काही जण महावितरणच्या किंवा आयोगाच्या खुर्चीत असतील. तेव्हा आतापासून विचार केलेला बरा.

तोपर्यंत दोन गोष्टी इथेही करता येतात. एक, दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग हरकती मागवतो आणि सुनावण्या घेतो. आजवर आपल्या शहरातही अशा सुनावण्या झाल्या आहेत. कुणीही सामान्य ग्राहक हरकत लिहून देऊ शकतो, वकील लागत नाही. दोन, गारखेड्याला किंवा सिडकोत रूम करून राहणाऱ्यांनी मालकाच्या सबमीटरचा दर ऐकून 'हो' म्हणण्याआधी मुख्य बिल बघायला मागावं. युनिटं आणि बेरीज समोर असली की बोलणं वादाचं होत नाही, हिशोबाचं होतं.

आणि तुमचं घर मुंबईच्या उपनगरात असेल तर बदलण्याआधी एवढं करा :

१. बारा महिन्यांची युनिटं लिहून काढा. एका महिन्यावर जाऊ नका, मे आणि डिसेंबर सारखे नसतात.

२. दोन्ही कंपन्यांचे चालू वर्षाचे दर घ्या आणि सहाही ओळींची बेरीज करा. शेजाऱ्याचं बिल हा पुरावा नाही.

३. दोन रेषा कुठे छेदतात ते काढा. तुमचा वापर त्या बिंदूजवळ असेल तर बदलून फारसं हाती लागणार नाही.

४. बदलायचंच ठरलं तर जुनी थकबाकी आधी भरा, बदलाच्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा, शेवटचं बिल आणि अनामत रक्कम परत मिळाली का ते तपासा.

५. नवा दर-आदेश आला की पुन्हा पहिल्या पायरीवर या. हा निर्णय एकदाच घेऊन विसरायचा नसतो.

६. आणि सगळ्यात आधी घरात एक चक्कर मारा. युनिटं कुठे जातात ते बघा. त्याबरोबरच, ती वाचवण्यासाठी घरातलं कुणी काही गुपचूप बंद तर ठेवत नाही ना, तेही बघा.

सुट्टी संपवून हॉस्टेलवर परत आले, तर नोटीस बोर्डावर रेक्टर मॅडमची सूचना : 'खोलीत कॉईल, हीटर सापडल्यास दंड.' एक हजार वॉटची कॉईल, रोज अर्धा तास, खोल्या साठ... सवयीने मनात हिशोब सुरू झाला. महिन्याला ९०० युनिटं! मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण डिसेंबरातली इथली थंडी बघता गरम पाण्याची वेळ अर्ध्या तासाने वाढवाल का? युनिटांचा हिशोब मी काढून देते.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी